सात बाय सात की सात बाय पाच?

"बोट किती स्पीडने जाते?"

प्रोजेक्टच्या व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी आम्हाला विचारलेला हा पहिला प्रश्न, आणि जवळजवळ शेवटचासुद्धा. आम्ही छाती फुगवून "ताशी 13 किलोमीटर, सर" असं सांगितलं, मोबाइलवरचा जीपीएसचा स्क्रीनशॉट दाखवला, सरांनी मान डोलावली, मार्क पडले. कँटीनमध्ये पार्टीही झाली. पण तो 13 चा आकडा खरा असूनही त्या दिवशी आम्ही थापच मारली, असं मला आता वाटतं. त्या थापेबद्दल लिहायचं म्हणून हा लेख.

आमचा प्रोजेक्ट म्हणजे लाँगटेल मोटर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साधं पेट्रोल इंजिन, पंपाला किंवा जनरेटरला असतं तसलं, बोटीच्या मागच्या फळीवर एका खिळीवर बसवायचं. त्याच्या शाफ्टला पाच-सहा फुटांचा दुसरा शाफ्ट सरळ जोडायचा आणि त्याच्या टोकाला पंखा, म्हणजे प्रोपेलर. हँडल दाबलं की पंखा वर, उचललं की खाली. गिअरबॉक्स नाही, पाण्याचं कूलिंग नाही. थायलंडमध्ये अशा लांब शेपटीच्या बोटी सगळीकडे दिसतात. व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या मुखाकडची माणसं या मोटरला 'कोळंबीची शेपटी' म्हणतात, आणि एकदा ती पाहिली की दुसरं नाव सुचत नाही. अमेरिकेत लुइझियानाच्या दलदलीत वॉरन कोको यांनी 1977 पासून 'गो-डेव्हिल' या नावाने अशा मोटरी बनवून विकायला सुरुवात केली. तिकडे यांना मड मोटर म्हणतात, कारण वीतभर पाण्यात आणि पातळ चिखलातसुद्धा त्या चालतात.

आता सांगली जिल्ह्यातल्या पोराला लुइझियानाच्या दलदलीशी काय देणंघेणं? आहे. ऑगस्ट 2019 मध्ये मी नववीत होतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे, त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्याच पुरात 8 ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. आमचं गावही कृष्णाकाठचंच. आम्हाला न्यायला दुसऱ्या दिवशी बोट आली. आजी, आई, धाकटी बहीण, मी, शेजारचे पाच जण. बोट चांगली होती, मागे आउटबोर्ड मोटर होती, चालवणाराही अनुभवी होता. पण नदी सोडून उसाच्या फडावरून जाताना (तिथे पाणी चार फूट, आणि त्यात उसाचे शेंडे) पंख्यात ठिबकची नळी अडकली. मोटर बंद. त्या माणसाने मोटर वर घेतली आणि विळ्याने नळी कापत बसला. तेवढ्यात बोट आपोआप विजेच्या खांबाकडे सरकायला लागली. आजी देवाचं नाव घेत होती. मी खांबाला पाय लावून बोट ढकलली ते मला अजून आठवतं, आणि खांबाला वीज नव्हती हे नंतर कळलं तेव्हा पाय लटपटले तेही.

त्या मोटरीत दोष नव्हता. आउटबोर्ड खोल, मोकळ्या पाण्यासाठीच बनवलेली असते. पंप खालून पाणी ओढून इंजिन थंड ठेवतो. गाळाचं पाणी आलं की पंपाच्या आतलं रबराचं चाक झिजतं. पूर ओसरताना काठावर नुसता गाळ, पाचट, केंदाळ आणि तारा असतात. तिथे हवेने थंड होणारं इंजिन आणि पटकन वर उचलता येणारा पंखा हवा. म्हणून फायनल इयरला लाँगटेल.

इंजिन 196 सीसीचं, पेपरवर 3600 आरपीएमला 4.1 किलोवॅट. बोट आमच्या चुलत चुलत्यांची, तात्यांची. अठरा फुटांची पत्र्याची नाव, जिच्यातून ते पलीकडच्या मळीवर वैरणीला जातात. आमच्या भागात पूर्वी गूळ करायच्या काहिलीत बसूनही नदी ओलांडायचे, त्या मानाने ही नाव म्हणजे क्रूझच!

पंख्याच्या बाबतीत पहिला धडा आम्हाला फुकट मिळाला. कुणाच्या तरी जुन्या आउटबोर्डचा पंखा होता, त्याच्या हबमध्ये लेथवर बुश टर्न करून बसवला आणि मोठ्या थाटात नारळ फोडून इंजिन चालू केलं. बोट मागे आली. म्हणजे खरोखर मागे, घाटाच्या पायरीवर. तात्या काठावर बसून तंबाखू मळत होते.

"आरं, नाव माघारी का यायलीय? घरला निघाली व्हय?"

झालं असं होतं की या इंजिनाचा शाफ्ट, त्याच्या टोकाकडे तोंड करून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतो. लाँगटेलमध्ये मधे गिअर नसल्याने पंखाही तसाच फिरतो. त्याला डावा पंखा लागतो. आउटबोर्डचा पंखा उजवा होता. चार सेमिस्टर मशीन ड्रॉइंगमध्ये डाव्या-उजव्या आट्यांची चित्रं काढलेल्या चार इंजिनिअरांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. असो.

मग डावा पंखा आणला. पंख्यावर दोन आकडे असतात, पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा किती पुढे जाईल, स्क्रू लाकडात जातो तसं. अर्थात पाणी हे लाकूड नाही, म्हणून पंखा घसरतो, त्याला स्लिप म्हणायचं. आम्ही 7 बाय 7 आणि 7 बाय 5 असे दोन पंखे आणले, दोन पात्यांचे. रिकाम्या बोटीत मी आणि पार्टनर असे दोघेच बसून कॉलेजजवळच्या तलावात ट्रायल घेतली. सातच्या पिचने ताशी 13, पाचच्या पिचने 12. व्हायवाला कुठला पंखा लावला असेल ते सांगायला नको.

आता ज्याला आम्ही 'जिंकलेला' पंखा म्हणत होतो तोच घेऊन दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो. नदीला अजून बऱ्यापैकी पाणी होतं. तात्या म्हणाले, "दोघं बसून काय बघायचं, माणसं घाल की." घातली. आठ जण. बोट, इंजिन, माणसं मिळून पाऊणशे नव्हे, पाऊण हजार किलोच्या पुढे वजन. थ्रॉटल पूर्ण दिला तर इंजिन घुरघुरायला लागलं, धूर काळा, आणि नाव प्रवाहाच्या विरुद्ध जवळजवळ जागच्या जागी. टॅकोमीटर 2600 च्या वर जाईना. काठावरची पोरं चालत आमच्या पुढे गेली.

हे असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण इथेच बहुतेक लोक चुकतात. त्यांना वाटतं इंजिनची पावर म्हणजे इंजिनच्या आत भरून ठेवलेली वस्तू आहे, थ्रॉटल दिला की बाहेर येते. तसं नाही. या इंजिनचा जास्तीत जास्त टॉर्क साधारण 12.4 न्यूटन-मीटर, तोही 2500 आरपीएमला. टॉर्क गुणिले कोनीय वेग केलं की 2500 ला पावर येते सव्वातीन किलोवॅटच्या आसपास. म्हणजे पंखा जड असल्यामुळे इंजिन 2500 वर अडकलं तर 4.1 पैकी पंचमांश पावर तुम्ही विकत घेऊनही कधी वापरतच नाही. वर आणखी एक भानगड. हवेने थंड होणाऱ्या इंजिनला वारा घालणारा पंखा फ्लायव्हीललाच असतो. आरपीएम कमी म्हणजे वारा कमी, आणि थ्रॉटल मात्र पूर्ण म्हणजे उष्णता भरपूर. सायकलवर चढाला मोठा गिअर टाकून उभं राहून पेडल मारण्यातला प्रकार. गुडघे जातात.

उलट 7 बाय 7 चं गणित करून बघा. सात इंच म्हणजे 0.178 मीटर. 3600 आरपीएमला पंखा, घसरला नाही तर, ताशी 38 किलोमीटर जायला हवा. आणि अठरा फुटांची भरलेली नाव पाण्यावर उठून पळू शकत नाही, ती पाणी कापत जाते. तिची मर्यादा ताशी 10 च्या आसपास. मग ताशी 38 चा पंखा तिला कशाला? पाचचा पिचसुद्धा ताशी 27 चा होतो, तोही जास्तच आहे. खरं तर मधे बेल्ट किंवा गिअर घालून आरपीएम निम्मे करावेत आणि दहा इंची पंखा लावावा, मोठा पंखा हळू फिरला की जास्त पाणी हळूहळू ढकलतो आणि भरल्या नावेला तेच लागतं. पण दहा इंची पंखा बुडायला पाणीही तेवढं जास्त हवं, वजन वाढतं, आणि बेल्टला चिखल लागला की तो घसरतो. उसाच्या फडावरून जायचं असेल तर सात इंच बरा, असं आमचं मत झालं.

पाचचा पंखा लावल्यावर काय झालं ते आम्ही काट्यावर मोजलं. कांद्याची पोती तोलायचा 100 किलोचा ताणकाटा घाटाच्या कडीला बांधला, त्याला दोर, दोराला नाव, आणि थ्रॉटल पूर्ण. सातच्या पिचने काटा 55 किलोच्या आसपास थरथरत राहिला, पाचच्या पिचने 70 च्या आसपास. इंजिन तेच, पेट्रोल तेच. आरपीएम 3200 च्या वर आणि आवाज मोकळा. आठ माणसं घेऊन नाव प्रवाहाच्या विरुद्ध व्यवस्थित गेली. हवेशीर नाही, पण गेली. काठावरच्या पोरांना पळावं लागलं.

हा काट्याचा प्रयोग आमच्या रिपोर्टमध्ये नाही. व्हायवा आधीच झाला होता!

तर माझं म्हणणं सरळ आहे. उथळ पाण्यातल्या बोटीचा पंखा निवडताना रिकाम्या बोटीचा टॉप स्पीड ही कसोटीच चुकीची. बोटीत जेवढी माणसं बसणार आहेत तेवढी बसवा, नसतील तर पोती टाका, थ्रॉटल पूर्ण द्या, आणि इंजिन आपल्या रेटेड आरपीएमच्या जवळ पोचतं का बघा. पोचत नसेल तर एक-एक इंचाने पिच उतरवा. लोक घाबरतात की पिच कमी केला तर रिकाम्या बोटीत इंजिन जास्त पळेल आणि फुटेल. या इंजिनांना गव्हर्नर असतो, तो ठरलेल्या वेगाच्या फार वर जाऊ देत नाही. (काही हौशी मंडळी गव्हर्नर काढून टाकतात. त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही, फक्त त्यांच्या बोटीत बसायचं नाही.)

कुणी म्हणेल दोन पंखे जवळ ठेवा, गरजेप्रमाणे बदला. हे पुस्तकात छान. रात्री दोन वाजता, पावसात, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून कॉटर पिन काढून पंखा बदलणारा माणूस मी पाहिलेला नाही. जो पंखा लावलेला आहे तोच तुमचा पंखा. जवळ दुसरा असावा, पण त्याच मापाचा, मोडला तर घालायला. पाना आणि दोन कॉटर पिना सुतळीने हँडललाच बांधून ठेवाव्यात, नाहीतर ऐन वेळी त्या नदीच्या तळाशी असतात.

पात्याच्या आकाराबद्दलही बोललं पाहिजे, कारण आजीच्या वेळी घोटाळा तिथेच झाला. साध्या पात्याची पुढची धार हबपासून जवळजवळ सरळ बाहेर येते. केंदाळाचा दांडा त्या धारेवर आडवा पडला की गुंडाळत जातो. दलदलीसाठीच्या पंख्याची धार मागे वळवलेली असते, विळ्यासारखी, त्यामुळे दांडा घसरत टोकाकडे जातो आणि सुटतो. दोन पाती असली तर मधली जागा मोकळी राहते, म्हणून तीन पात्यांचा पंखा जास्त गुळगुळीत चालत असला तरी मी दोन पात्यांनाच मत देईन. आम्ही आमच्या पंख्याची धार गावातल्या वेल्डरकडून ग्राइंडरने मागे उतरवून घेतली. मग तो सुरीच्या धारेवर आडवी सळई ठेवून तोलला, जे पातं खाली येईल ते थोडं घासायचं, पुन्हा तोलायचं. दुपार गेली. पण हे केलं नसतं तर सहा फुटांचा शाफ्ट थरथरून शेवटचा बुश आठवड्यात खाऊन टाकला असता. केंदाळातून नाव आता जाते. ठिबकच्या नळीतून जाते असं मात्र मी म्हणणार नाही. बारीक नायलॉनची दोरी तर सगळ्यात वाईट, ती पंख्यामागे जाऊन बसते आणि ऑइल सील कापते, आणि आपल्याला कळतं ते ग्रीसमध्ये पाणी दिसल्यावर.

अॅल्युमिनियम की स्टील? स्टेनलेस स्टील वाळूत जास्त टिकतं, दगडावर आपटलं तर सहज तुटत नाही. महाग आहे. अॅल्युमिनियम स्वस्त, पण कृष्णेच्या वाळूने त्याची टोकं पेन्सिलीसारखी झिजतात. पैसे असतील तर स्टील घ्यावं, यात वाद नाही. आमच्याकडे नव्हते.

आणि एक गोष्ट, जी पंख्याच्या निवडीत कुणी धरत नाही. आमच्या मोटरीला क्लच नाही. इंजिन चालू म्हणजे पंखा चालू. बोटीच्या मागे पाच फुटांवर उघडी पाती 3000 च्या वर आरपीएमने फिरत असतात, आणि पुरात पाण्यात माणसं असतात. एकाला पाण्यातून वर घेण्याची प्रॅक्टिस करताना पार्टनरने हँडल सोडलं, ते आपोआप बाजूला फिरलं आणि पंखा आमच्या मित्रापासून हातभर अंतरावरून गेला. तो पोहण्यात पटाईत म्हणून वाचला. त्या संध्याकाळी कुणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी मनगटाला बांधायच्या दोरीचा किल स्विच लावला, हात सुटला की इंजिन बंद. पैसे जमले की सेंट्रिफ्यूगल क्लच घालणार आहोत. मला विचाराल तर दहा टक्के जास्त ओढणाऱ्या पंख्यापेक्षा तो क्लच आधी घ्यावा.

मग एक्स्टर्नल सरांनी काय विचारायला हवं होतं? "किती माणसं घेऊन?" एवढंच. पण खरं सांगायचं तर दोष सरांचा नाही. त्यांना दिवसात बारा प्रोजेक्ट बघायचे होते, स्पीड हा एका आकड्यात सांगता येतो, ओढ सांगता येत नाही. आम्हाला माहीत होतं की कुठला पंखा लावला तर कुठला आकडा येईल, आणि जो आकडा ऐकायला बरा तो आम्ही आणला. पाच-सात पिचचं गणित आम्हाला व्हायवाच्या आदल्या रात्रीच कळलेलं होतं, पार्टनरने म्हटलंही होतं, "भरल्या बोटीत हा चालणार नाही." मी म्हटलं, भरली बोट इथे कोण बघतंय?

आपल्या कॉलेजात असे पंखे पुष्कळ आहेत. कुणी पेरणी यंत्र केलं ते पोर्चच्या पेव्हर ब्लॉकवर चालवून दाखवलं. कुणी सोलर पंप केला तो बादलीतून बादलीत. मी नावं घेत नाही, मीही त्यातलाच. पण ज्यांच्या प्रोजेक्टवर उद्या कुणी बसणार आहे, त्यांनी तरी एकदा वजन टाकून बघावं आणि तोच आकडा रिपोर्टमध्ये छापावा, मग तो कितीही लाजिरवाणा असो. आमचा आकडा आठ माणसांसह ताशी 8 आहे. नदीच्या मुख्य धारेत पुराच्या वेळी त्या आकड्याने जाऊच नये, कारण धारेचा वेग त्याहून जास्त असू शकतो. गल्लीत, फडावर, मळीवर, जिथे पाणी संथ आणि उथळ आहे तिथे जावं. हेही रिपोर्टमध्ये लिहायला हवं होतं. दुसऱ्या सेमिस्टरच्या रिपोर्टमध्ये लिहिलं आहे, ताणकाट्याच्या फोटोसकट. गाइड सरांनी तो फोटो काढून टाकायला सांगितला, "प्रोफेशनल दिसत नाही" म्हणून. अजून आमची चर्चा चालू आहे.

7 बाय 7 चा पंखा सध्या डिपार्टमेंटच्या शोकेसमध्ये आहे, पॉलिश करून. 7 बाय 5 चा तात्यांच्या नावेला. मागच्या रविवारी त्यांचा फोन आला होता, पात्याची टोकं वाळूने गेलीत म्हणून. मी म्हटलं, "तात्या, कॉलेजमध्ये एक कोरा पंखा पडलाय, तो आणू का?"

"त्यो सातचा न्हवं?" तात्या म्हणाले. "त्यो राहू दे तितंच. पाचचा आण, आन् पैसं किती ते सांग."